नेहमीसारखा एक दिवस

आम्लाच्या तपासणीची तारीख ठरली की दवाखान्यातून सूचनांचा एक कागद हातात मिळतो. त्यातल्या दोन सूचना वाचणाऱ्याला कोड्यात टाकतात. पहिली : पित्ताच्या गोळ्या सात दिवस आधी बंद करा. दुसरी : तपासणीच्या दिवशी नेहमीसारखं जेवा, नेहमीची कामं करा. ज्या गोळीच्या भरवशावर वर्षं काढली ती सोडायची, आणि वर चहा, मिसळ, तळण नेहमीसारखं खायचं? आजवर जे जे करू नका म्हणून सांगितलं, तेच आता मुद्दाम करायचं?

मग बरेच जण आपल्या मनाने मधला मार्ग काढतात. गोळी चारच दिवस बंद ठेवतात. तपासणीच्या दिवशी मऊ भात खाऊन घरी पडून राहतात. नाकातली नळी सांभाळत कशीबशी रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी अहवाल येतो, सगळं ठीक आहे. त्रास मात्र होता तिथेच असतो. अशा वेळी यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जो दिवस दाखवला, त्याचंच मोजमाप त्याने केलं.

या तपासणीची तयारी म्हणजे आपला खरा दिवस यंत्रापुढे जसाच्या तसा ठेवण्याची तयारी. हे एकदा मनात पक्कं बसलं की कागदावरची प्रत्येक सूचना का दिली आहे ते आपोआप उलगडत जातं.

‘पित्त’ म्हणजे नेमकं काय?

मराठीत ‘पित्त’ या एका शब्दावर फार भार पडतो. छातीत जळजळलं की पित्त, आंबट ढेकर आला की पित्त, डोकं ठणकून उलटी झाली की पित्त आणि अंगावर लाल चट्टे उठले तरी पित्तच. आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक. पित्ताशयात साठतं ते आणखी निराळं : यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पाचक रस. या तपासणीत शोध घेतात तो मात्र जठराच्या भिंतीतून पाझरणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा.

म्हणून डॉक्टरांना ‘पित्ताचा त्रास आहे’ एवढं सांगून भागत नाही. जळजळ छातीच्या मधोमध होते की बेंबीच्या वर? आंबट पाणी घशाशी येतं की नुसते ढेकर येतात? जेवल्यावर, वाकल्यावर, की रात्री आडवं झाल्यावर? तयारीची पहिली पायरी हीच. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या त्रासाला नेमके शब्द शोधून ठेवावेत, कारण त्याच शब्दांची नोंद पुढे यंत्राच्या आकड्यांशेजारी बसणार असते.

पोटातलं आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखवून दिलं. त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली होती. १८२२ च्या जूनमध्ये मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला, पण पोटावरचं छिद्र कायमचं उघडं राहिलं. त्या छिद्रातून बोमाँट रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे जठरात सोडत, ठरावीक वेळाने बाहेर काढून ते किती विरघळले ते पाहत. १८३३ साली त्यांनी आपली निरीक्षणं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांतलं एक आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे : माणूस चिडलेला, त्रासलेला असला की त्याच्या जठराचं कामही बदलतं. दिवस कसा गेला ते पोटात उमटतं, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

पीएच आणि चारची रेघ

आम्ल किती तीव्र आहे ते सांगणारं माप म्हणजे पीएच. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी ते १९०९ साली मांडलं. ७ म्हणजे शुद्ध पाण्यासारखं, ना आम्ल ना अल्क. आकडा जितका खाली, तितकं आम्ल तीव्र. एक घर खाली उतरलं की तीव्रता दहापट होते. म्हणजे पीएच ४ आणि पीएच १ यांच्यात हजारपटींचा फरक असतो.

उपाशीपोटी जठरातला पीएच साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. जठराला ते बाधत नाही, कारण त्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचं संरक्षक अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. ती जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते सैलावतं, घास खाली उतरला की पुन्हा आवळतं. हे कडं सैल पडलं किंवा अवेळी उघडू लागलं की आम्ल उलट वर चढतं आणि जळजळ सुरू होते.

तपासणी या वर चढणाऱ्या आम्लाचीच असते. पूर्वी थेट जठरातलं आम्ल मोजत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत रुग्णाला पाव आणि साधा चहा देऊन तासाभराने नळीने जठरातला रस काढून तपासायची पद्धत होती. आता तशी वेळ क्वचितच येते. आज दवाखान्यात ‘आम्लाची तपासणी’ म्हणतात तेव्हा बहुधा अन्ननलिकेची २४ तासांची पीएच तपासणी अभिप्रेत असते. अमेरिकेत लॉरेन्स जॉन्सन आणि टॉम डीमीस्टर यांनी १९७४ साली ती रीतसर बसवून दिली.

या पद्धतीत दोन-अडीच मिलिमीटर जाडीची मऊ नळी नाकातून अन्ननलिकेत सोडतात. तिच्यावरचा सेन्सर त्या कड्याच्या वरच्या काठापासून बरोबर ५ सेंटिमीटर उंचीवर ठेवतात. तो दर काही सेकंदांनी पीएच टिपतो आणि कमरेला किंवा खांद्याला अडकवलेल्या छोट्या यंत्रात त्याची नोंद होत राहते. दर पाच सेकंदांना एक नोंद धरली तरी दिवसभरात १७,२८० नोंदी होतात. पीएच ४ च्या खाली गेला की त्याला आम्ल वर आल्याची खूण मानतात. ४ च्या खाली जठररसातलं पेप्सिन हे पाचक द्रव्यही जोमाने काम करू लागतं आणि अन्ननलिकेच्या नाजूक पडद्याला इजा करू शकतं. आता बहुतेक ठिकाणच्या नळ्या ‘इम्पीडन्स’ही मोजतात. त्यामुळे आम्ल नसलेलं पाणी किंवा हवा वर आली तरी ती कळते.

जळजळ होणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी लागत नाही. गोळ्या नीट घेऊनही त्रास जात नाही, एंडोस्कोपीत काही ठोस सापडत नाही, महिनोन्महिने कोरडा खोकला किंवा घोगरा आवाज आहे, हृदय ठीक असूनही छातीत दुखतं, किंवा अन्ननलिकेचं कडं घट्ट करण्याची शस्त्रक्रिया ठरते आहे, अशा वेळी डॉक्टर ती सुचवतात.

सात, तीन, एक

आता गोळ्यांकडे वळू. वेगवेगळ्या गोळ्या वेगवेगळे दिवस आधी थांबवायला सांगतात, ते त्या गोळ्या पोटात काय करतात त्यावरून ठरतं.

जठराच्या भिंतीतल्या ठरावीक पेशींवर आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ येतं, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, ती या पंपाला जाऊन घट्ट चिकटतात आणि तो पंप कायमचा निकामी करतात. गोळी रक्तातून काही तासांत नाहीशी होते, पण बंद पडलेला पंप पुन्हा सुरू होत नाही. शरीराला नवे पंप घडवावे लागतात आणि त्याला काही दिवस जातात. म्हणून या गोळ्या साधारण ७ दिवस आधी थांबवतात. चार दिवसांनी नळी घातली तर अर्धवट सावरलेलं पोट मोजलं जातं.

ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘टिडीन’ येतं, ती रॅनिटिडीन, फॅमोटिडीनसारखी औषधं पंपाला हात लावत नाहीत. पंपाला ‘चालू हो’ सांगणाऱ्या निरोपांपैकी एक निरोप ती अडवतात. या कुळातलं सिमेटिडीन १९७६ साली बाजारात आलं आणि त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. योगायोग असा की ‘प्राझोल’ कुळातलं पहिलं औषध, ओमेप्राझोल, त्याच १९८८ साली विक्रीला आलं. ‘टिडीन’चा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून ती साधारण ३ दिवस आधी थांबवणं पुरतं.

तिसरा गट तयार झालेलं आम्ल शमवणाऱ्या औषधांचा : गुलाबी-पांढरी पातळ औषधं, चघळायच्या गोळ्या, पाण्यात फसफसणारी पूड. ही पंपाला काही करत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी शेवटचे २४ तासच ती टाळायला सांगतात. डोम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड, आयटोप्राइड ही अन्न पुढे सरकवणारी औषधंही साधारण दोन दिवस आधी थांबवतात. आपल्याकडे ती बहुतेकदा ‘प्राझोल’बरोबर एकाच कॅप्सूलमध्ये असतात, तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर वाचावं. नव्याने आलेलं व्होनोप्राझान घेत असाल तर ते किती दिवस आधी थांबवायचं, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावं.

खरी चूक होते ती ज्यांना आपण औषध मानतच नाही त्यांच्यामुळे. ‘मी कसलंच औषध घेत नाही हो, फक्त कधीतरी इनो,’ असं सांगणाऱ्याला इनो हेही आम्ल शमवणारंच औषध आहे हे ध्यानात येत नाही. चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून घेतला तरी परिणाम तोच. शंखभस्म, प्रवाळ आणि ती ज्यात घालतात ती कामदुधासारखी औषधं यांच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे तीही आम्ल शमवतात. पानाला किंवा तंबाखूला लावलेला चुना तर अल्कच. अंगदुखीच्या गोळ्यांबरोबर ‘पोटासाठी’ म्हणून दिलेली सकाळची गोळी बहुधा ‘प्राझोल’च असते. या सगळ्यावर सोपा उपाय एकच. घरातली औषधांची पिशवी, डबीतल्या चूर्णांसकट, तारीख घ्यायला जाताना बरोबर न्यावी आणि प्रत्येकीबद्दल विचारावं.

गोळी थांबवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असावा. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना, पूर्वी जठरातल्या व्रणातून रक्तस्राव झालेल्यांना, ‘प्राझोल’ संरक्षणासाठी दिलेलं असू शकतं. ज्यांचा आजार एंडोस्कोपीत आधीच पक्का झाला आहे, त्यांची तपासणी कधीकधी गोळ्या चालू ठेवूनच करतात, कारण तिथे प्रश्न असतो ‘गोळी पुरते का?’ हा. म्हणून शेजारच्या काकांना मिळालेला कागद आपल्याला लागू पडेलच असं नाही. रक्तदाब, थायरॉइड, हृदय यांची औषधं तर आपल्या मनाने मुळीच थांबवू नयेत.

गोळीविना सात दिवस

हा आठवडा अनेकांना जड जातो. ‘प्राझोल’ दीर्घकाळ घेतलेल्यांमध्ये ते थांबवल्यावर आम्ल काही दिवस आधीपेक्षाही जास्त सुटू शकतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जळजळ वाढली तर आजार बळावला असं समजून घाबरू नये.

तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत या काळात थोडी काळजी घ्यायला हरकत नाही. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकावं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू सहाएक इंच उचलावी. नुसत्या उशा वाढवल्याने मान वाकते, पोट दाबलं जातं आणि उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपावं. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहतं आणि वर आलेलं आम्ल लवकर माघारी जातं. आपल्याकडे जेवणानंतरच्या विश्रांतीला वामकुक्षी म्हणतात. वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. शब्दातच सल्ला आहे. अगदी असह्य झालं तर शेवटच्या २४ तासांआधी आम्ल शमवणारं पातळ औषध चालेल का, हे आधीच विचारून ठेवावं.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. छातीत दाबल्यासारखं दुखलं, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम आला, धाप लागली, तर ‘गोळी बंद आहे ना, म्हणून पित्त असेल’ असं म्हणून बसू नये. सरळ कॅज्युअल्टी गाठावी. गॅस म्हणून सोडा पाजत घरी घालवलेला तास हृदयविकारात जिवावर बेतू शकतो. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणं, घास अडकणं, नकळत वजन घटणं, हे झालं तरी तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं.

तारीख आणि आदला दिवस

तारीख निवडताना पंचांग पाहावं, पण मुहूर्तासाठी नव्हे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रोजे यांच्या दिवशी खाणं नेहमीचं नसतं. साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ यांच्यावर काढलेला दिवस इतर दिवसांबद्दल फार काही सांगू शकत नाही. उलट, त्रास मुख्यतः उपासालाच होत असेल तर ते डॉक्टरांना सांगून तारीख तशी घेता येईल का, ते पाहावं. गावाहून शहरात येणाऱ्यांनी दोन दिवस धरून यावं, कारण नळी आज घालतात आणि उद्या काढतात. मधली रात्र लॉजवर किंवा नातेवाइकांकडे जाणार असेल तर घरच्यासारखं जेवण मिळेल अशी सोय आधीच करावी.

नळी घालण्यापूर्वी साधारण ६ तास पोट रिकामं लागतं. पाणी कधीपर्यंत चालेल ते विभाग सांगेल. पोट भरलेलं असेल तर उमासा येऊन अन्न वर येण्याचा, श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मधुमेहींनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि त्या सकाळच्या इन्सुलिनचं, गोळ्यांचं काय करायचं ते लेखी घ्यावं. उपाशीपोटी नेहमीचं इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

बाकीची तयारी वरवर किरकोळ, पण उपयोगी. नळी गालावर चिकटपट्टीने बसवतात, म्हणून पुरुषांनी दाढी करून जावं. चेहऱ्याला क्रीम, तेल लावू नये, नाहीतर पट्टी निसटते. चमकी, मोरणी किंवा नथ काढून ठेवावी, किंवा दुसऱ्या नाकपुडीतून नळी घालता येईल का ते विचारावं. कपडे पुढून बटणांचे असावेत, डोक्यावरून काढायचे नकोत. यंत्राला पाणी लागून चालत नाही, म्हणून अंघोळ आधी करून घ्यावी. नंतर एक दिवस अंग पुसून भागवायचं. नाकाचं हाड वाकडं असेल, घोळणा वारंवार फुटत असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, नाकाची किंवा घशाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे सगळं आधीच सांगावं.

नळी जाताना

भीती सगळ्यांना याचीच असते, म्हणून काय होतं ते क्रमाने सांगते. सहसा आधी मॅनोमेट्री करतात. तिच्यात दाब मोजणारी नळी घालून आपल्याला थोडं थोडं पाणी गिळायला सांगतात आणि अन्ननलिकेची ढकलण्याची ताकद व त्या कड्याची नेमकी जागा शोधतात. जागा सापडल्याशिवाय ते ५ सेंटिमीटर मोजायचे कुठून, हा प्रश्न असतो. मग ती नळी काढून पीएचची बारीक नळी घालतात. घालण्यापूर्वी ती पीएच ठाऊक असलेल्या दोन द्रावणांत बुडवून तिचं माप बरोबर आहे याची खात्री करून घेतात. सोनार तोलण्याआधी तराजू पाहतो, तसंच हे.

नाकात बधिर करणारी जेली लावतात. नळी घशाशी आली की हनुवटी छातीकडे झुकवून स्ट्रॉने घोट घोट पाणी गिळायला सांगतात. गिळताना श्वासनलिकेचं दार आपोआप मिटतं आणि नळी योग्य वाटेने उतरते. डोळ्यांत पाणी येतं, एकदोनदा उमासा येतो, नाक चुरचुरतं. हे सगळं काही मिनिटांत आटोपतं. नळी अन्ननलिकेत असते, त्यामुळे श्वास अडत नाही आणि बोलताही येतं. भूल देत नाहीत, कारण गिळायला आपण जागे हवे असतो. सिस्टर ‘गिळा’ म्हणतील तेव्हा गिळणं, एवढंच आपलं काम. मधल्या क्षणांत नाकाने संथ श्वास घेत राहिलं की उमासा कमी येतो.

तो एक दिवस

आता दवाखान्यातून बाहेर पडायचं आणि जगायचं. दुकान असेल तर दुकानात बसा, शाळा असेल तर शिकवा. आम्ल वर येतं ते बऱ्याचदा वाकल्यावर, पोटावर दाब आल्यावर. खाली बसून भांडी घासताना, खुरपणी करताना, नमाज पढताना, सूर्यनमस्कार घालताना जर त्रास होत असेल, तर तेच त्या दिवशी करायला हवं. पडून राहिलात तर यंत्रात नोंद होईल ती पडून राहिलेल्या माणसाची.

जेवणही नेहमीचंच. सकाळी पोहे आणि दोन कप चहा असेल तर तेच. रात्री उशिरा झणझणीत रस्सा असेल तर तोही. फक्त दिवसभर घोट घोट आंबट पेयं पीत राहू नये. लिंबू सरबत, कोकम सरबत, पन्हं, कोला यांचा पीएच मुळातच ४ च्या खाली असतो. ती घशाखाली उतरताना सेन्सरला आम्ल वर आल्यासारखंच वाटतं. जेवणाची वेळ हिशेबातून वगळतात, त्यामुळे जेवताना घेतलेली सोलकढी गोंधळ घालत नाही, पण दुपारभर पुरवून प्यायलेलं सरबत घालतं. च्युइंगगम, गोळ्या, सुपारी, पान चघळत राहिल्याने लाळ वाढते आणि लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल शमवतं. तंबाखू, मशेरी, सिगारेट, दारू यांची सवय असेल तर लाजून लपवू नये. तपासणीच्या काळात काय करायचं, ते स्पष्ट विचारावं.

नळी अचानक बाहेर आली तर पुन्हा आत ढकलू नये. विभागाला फोन करावा. यंत्र बंद पडलंसं वाटलं तरी तेच. क्ष-किरण किंवा एमआरआय तपासणी त्या दिवशी ठेवू नये.

दोन मिनिटांचा हिशेब

यंत्रावर सहसा तीन प्रकारची बटणं असतात : जेवणाचं, आडवं होण्याचं आणि त्रासाचं. सोबत वहीचा कागद देतात. या कागदाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि निदान मात्र अनेकदा त्याच्यावरच अडतं.

कारण असं की आम्ल वर आलं आणि तुम्हाला त्रास झाला, यांचा संबंध जोडताना २ मिनिटांची मुदत धरतात. आम्ल वर आल्यापासून २ मिनिटांच्या आत त्रासाची नोंद असेल तरच ती घटना जुळली असं मानतात. खोकल्याची उबळ आली, मग पाहुण्यांना चहा दिला आणि दहा मिनिटांनी बटण दाबलं, तर संगणकाच्या लेखी त्या खोकल्याचा आणि आम्लाचा काही संबंध उरत नाही. म्हणून बटण आधी दाबायचं, बाकी सगळं नंतर. वेळ लिहितानाही मनगटावरचं किंवा भिंतीवरचं घड्याळ न पाहता यंत्रावरची वेळच लिहायची. दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तरी सगळी जुळणी विस्कटते.

काय लिहायचं, तेही आधी ठरवून ठेवावं. जेवायला बसल्याची वेळ आणि उठल्याची वेळ, काय खाल्लं, आडवं कधी झालो, उठलो कधी, रात्री जाग आली तर ती कशाने. त्रासाच्या रकान्यात ‘त्रास झाला’ असं लिहू नये. जळजळ, आंबट पाणी, खोकला, छातीत दुखणं, यांतलं नेमकं काय ते लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही किंवा दिसायला त्रास आहे, त्यांच्यासाठी घरातल्या कुणीतरी ही जबाबदारी घ्यावी. सून, नातू, शेजारीण, कुणीही चालेल, पण सोबत राहणारं हवं.

नळी नको असेल तर

नळी सहन होत नसेल तर काही मोठ्या दवाखान्यांत कॅप्सूलची सोय असते. एंडोस्कोपी करताना एक छोटी कॅप्सूल अन्ननलिकेच्या भिंतीला टाचतात आणि ती बिनतारी पद्धतीने ४८ ते ९६ तास नोंदी पाठवत राहते. नाकात काही नसल्याने माणूस खरोखर नेहमीसारखा वावरतो, हा तिचा मोठा गुण. काही दिवसांनी ती आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. पेसमेकर असलेल्यांना ती बसवत नाहीत आणि बसवल्यावर ३० दिवस एमआरआय करता येत नाही. खर्चही जास्त येतो.

अहवालातले आकडे

अहवालात पहिल्यांदा पाहतात ती एक टक्केवारी : एकूण वेळापैकी किती वेळ पीएच ४ च्या खाली होता. थोडंफार आम्ल निरोगी माणसाच्याही अन्ननलिकेत चढतं, विशेषतः जेवणानंतर. तज्ज्ञांनी ठरवलेल्या ल्योन निकषांप्रमाणे ४ टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे साधारण नेहमीचं, ६ टक्क्यांपेक्षा जास्त म्हणजे नक्की आजार. २४ तासांत सांगायचं तर ५८ मिनिटांपर्यंत चालतं, ८६ मिनिटांच्या वर गेलं की आजार. मधल्या पट्ट्यात इतर पुरावे पाहतात. अनेक अहवालांत डीमीस्टर यांच्या नावाचा गुणांकही असतो. त्यात सहा मापं एकत्र केलेली असतात आणि १४.७२ च्या वरचा आकडा दोष दाखवतो.

टक्केवारी नेहमीची असूनही त्रास खरा असू शकतो. काहींच्या अन्ननलिकेला थोडंसं आम्लही झोंबतं. काहींची जळजळ आम्लाशी जुळतच नाही. या दोघांचे उपचार वेगळे, आणि दोघांनाही नुसती गोळीची ताकद वाढवून देणं बरोबर नाही. त्यांच्यातला फरक दाखवते ती वहीतली, २ मिनिटांच्या हिशेबात बसणारी नोंद. निदान नक्की झाल्यावर कुणाची वर्षानुवर्षांची गोळी सुटते, कुणाला ती आयुष्यभर का लागणार हे पटतं, कुणाची शस्त्रक्रिया टळते. एक अवघड दिवस काढल्याचं हे मोल आहे.

नळी काढली की गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या ते विचारूनच घरी जावं. नाकाची, घशाची खवखव एखाद्या दिवसात निवते. यंत्र आणि वही टेबलावर ठेवली जाते. यंत्रात १७ हजारांवर आकडे असतात आणि ते सगळे मिळून एवढंच सांगू शकतात की आम्ल कधी वर आलं. शेजारच्या वहीत एखादी ओळ असते : ‘११.४०, भांडी घासायला वाकले, आंबट पाणी घशाशी आलं.’ डॉक्टरांचं बोट आलेखावर ११.३९ पाशी जाऊन थांबतं. तिथे रेघ चारच्या खाली उतरलेली असते.